हाफ फ्राय डोळ्यांची पोर्श ९११ की पंख्यावाली ९११? दोन्ही चालवल्या, आता ऐका

आधीच सांगून टाकतो, यातली एकही गाडी माझी नाही. एक शेजारच्या काकांची, दुसरी भाड्याची. मी श्टुटगार्टजवळ राहतो, आणि या गावात पोर्श दिसणं म्हणजे पुण्यात ॲक्टिव्हा दिसण्यासारखं आहे, पहिले सहा महिने मान वळते आणि मग वळायची बंद होते. कारखाना इथेच झुफेनहाउझनला, म्युझियम त्याच्या समोर, लोकल ट्रेनच्या स्टेशनवर उतरलं की दोन मिनिटांत दारात. (आणि मुंबई-श्टुटगार्ट या १९६८ पासून जोडीच्या सिटी आहेत, हे इथल्या मराठी माणसाला कोणी ना कोणी पहिल्याच पार्टीत सांगतंच, म्हणून मीही सांगितलं.)

तर विषय असा की जुनी ९११ घ्यायचं स्वप्न बघणारे माझ्यासारखे बरेच आहेत, आणि सगळे दोन गोष्टींवर येऊन अडकतात. एक म्हणजे ऐंशीच्या दशकातली कॅरेरा ३.२, एअर कूल्ड म्हणजे हवेने गार होणारी, सगळ्यांची लाडकी. दुसरी म्हणजे ९९६, पाण्याने गार होणारी पहिली ९११, जिला वीस वर्षं सगळ्यांनी शिव्या घातल्या आणि आता हळूहळू जिचं नाव कलेक्टर लोकांच्या तोंडी यायला लागलंय. पहिली मी चालवली ती १९८८ ची, दुसरी १९९९ ची. म्हणजे मधे अकराच वर्षं, पण बसल्यावर वाटतं की मधे एक पिढी गेली.

जुनीपासून सुरू करतो कारण सांगण्यासारखं तिच्यातच जास्त आहे.

आमच्या शेजारचे काका, वय सत्तरीच्या पुढे, गाडी लाल. या लाल रंगाचं जर्मन नाव इंडिशरोट, म्हणजे भारतीय लाल! मी खूश झालो होतो, पण आपल्या कोकणातल्या जांभ्याशी या लालचा काही संबंध नाही, हा पिकलेल्या टोमॅटोचा लाल आहे. काका गाडी एप्रिल ते ऑक्टोबर एवढीच काढतात, इथे सीझनपुरती नंबरप्लेट मिळते, आणि तीस वर्षांवरच्या चांगल्या ठेवलेल्या गाडीला प्लेटच्या शेवटी H (जर्मन उच्चार 'हा') अक्षर लागतं, मग टॅक्स वर्षाला सरसकट १९१ युरो आणि शहराच्या प्रदूषण झोनमध्ये जायलाही आडकाठी नाही. पाऊस आला की गाडी आत. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तेव्हा तर विषयच नको.

ते मला गाडी देतील असं मला कधीच वाटलं नव्हतं. दिली ती माझ्या सासऱ्यांमुळे. अण्णा सांगलीचे, एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभा जन्म गेला, उन्हाळ्यात तीन महिने आमच्याकडे आले होते, आणि करायला काही नाही म्हणून रोज काकांच्या गॅरेजसमोर जाऊन उभे राहायचे. एक दिवशी काका तेल चेक करत होते. आता या गाडीत तेल चेक करायची पद्धत अशी की गाडी सपाट जागेवर, इंजिन चांगलं तापलेलं आणि चालू पाहिजे, तेव्हाच काडी काढून बघायची. बंद इंजिनवर बघितलं तर काडीवर काहीच दिसत नाही, आणि नवखा माणूस घाबरून वरून दोन लिटर ओततो आणि मग घोळ होतो. अण्णांनी ते बघितलं आणि मला हाक मारली, "अहो जावईबापू, त्यांना सांगा की, इंजिन चालू ठिऊन तेल कोण बघतंय व्हय?" मी काकांना विचारलं, काकांनी मागच्या उजव्या मडगार्डच्या आतली तेलाची टाकी दाखवली, ड्राय संप म्हणजे तेल इंजिनखाली नाही तर वेगळ्या टाकीत, इंजिन बंद केलं की लेव्हल फसवते. आणि तेल किती, तर सगळं मिळून तेरा लिटरच्या आसपास! आपल्या स्विफ्टला तीन-साडेतीन लागतं. अण्णा पाच मिनिटं गप्प. मग म्हणाले, "म्हंजे हवेवर न्हाई, तेलावर गार हुतीय ही." बरोबर बोलले. एअर कूल्ड म्हणतात खरं, पण निम्मं काम तेलच करतं, पुढच्या मडगार्डमध्ये तेलाचा वेगळा कूलर पण आहे. त्या दिवसापासून काका आणि अण्णा दोस्त, भाषा कोणाची कोणाला कळत नाही.

अट एकच, काका शेजारी बसणार. मग अण्णा मागे. मागची सीट म्हणजे दोन वाट्या आहेत, पोरांना बरी, मोठ्या माणसाने गुडघे कानाशी घेऊन बसायचं.

आत बसलं की पहिला गोंधळ किल्लीचा. किल्ली स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला. ल माँसच्या रेसमध्ये पळत येऊन डाव्या हाताने किल्ली, उजव्याने गिअर, म्हणून असं, अशी गोष्ट सगळे सांगतात. दुसरा गोंधळ पॅडलचा. क्लच आणि ब्रेक वरून लटकत नाहीत, खालून जमिनीतून उगवतात, आणि सगळे थोडे उजवीकडे सरकलेले कारण पुढच्या चाकाची कमान आत घुसलेली. पहिली दहा मिनिटं वाटतं की मी तिरका बसलोय. समोर पाच गोल मीटर, मधला सगळ्यात मोठा आणि तो स्पीडचा नाही, आरपीएमचा. हे मला फार आवडलं, म्हणजे गाडी पहिल्यापासून सांगतेय की स्पीड नंतर बघ, आधी इंजिन काय म्हणतंय ते बघ.

दार लावल्यावर जो आवाज येतो ना, खट्ट, बँकेच्या लॉकरसारखा, तो ९९६ मध्ये नाही. अजिबात नाही.

आणि इंजिनचा आवाज. लोक याच्यावर फार कविता करतात, मी एकच सांगतो, ज्याने बजाज चेतक चालवलीय त्याला तो आवाज ओळखीचा वाटेल. हसू नका. चेतकला पण पंखा, हिला पण पंखा, दोन्हीकडे इंजिनवर जोरात हवा मारायची, मग त्या पंख्याची घरघर इंजिनच्या आवाजात मिसळते. फरक एवढाच की इथे सिलिंडर सहा, आडवे, तीन इकडे तीन तिकडे, ३१६४ सीसी आणि २३१ पीएस (म्हणजे जर्मन हॉर्सपॉवर). अण्णांच्या कानामागेच सगळं चाललेलं, त्यांनी मागून ओरडून सांगितलं की व्हॉल्व्ह थोडे वाजतायत. काकांना भाषांतर करून सांगितलं तर काका म्हणाले हो, सेटिंग पुढच्या महिन्यात आहे. मी काय बोलणार.

रूट आमचा रॉयटलिंगनवरून होनाउचा घाट, वर लिश्टेनस्टाइनचा किल्ला. घाट आपल्या मानाने छोटा, पण वळणं चांगली. पॉवर स्टिअरिंग नाही, पार्किंगमधून काढताना दंड भरून येतात, पण चाक फिरायला लागलं की स्टिअरिंग हलकं होतं आणि हातात जिवंत राहतं, रस्त्यावरचा पॅच, पांढरी पट्टी, खडी, सगळं हाताला कळतं. एबीएस नाही, ब्रेक जोर लावून दाबावा लागतो. गिअरबॉक्स १९८७ मॉडेलपासूनचा जी-५० आहे, त्याच्या आधीचा ९१५ नंबरचा जुना डबा जरा नखरेल, थंड असताना दुसरा गिअर घासतो म्हणतात. ओळखायची सोपी खूण, रिव्हर्स डावीकडे वर असेल तर जी-५०, उजवीकडे खाली असेल तर ९१५. भावात फरक पडतो म्हणून सांगितलं.

इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, म्हणजे रिक्षासारखं, आणि याचा परिणाम पहिल्याच वळणावर कळला. वळणात जरा जास्त स्पीडने शिरलो, घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, आणि मागची बाजू अशी हलकेच बाहेर सरकायला लागली की पोटात गोळा आला. काका शांत. म्हणाले वळणाच्या आधी काय घाबरायचं ते घाबरून घे, आत शिरल्यावर पाय काढायचा नाही. पुढच्या वळणाला तसंच केलं, आधी हळू, मग वळणाच्या मध्यापासून हलका गॅस देत राहिलो, आणि मागचं वजन चाकांवर असं बसलं की गाडी रस्त्याला चिकटली. हे सगळं किती स्पीडला? साठ-सत्तर. साठच्या स्पीडला एवढी मजा देणारी गाडी मी दुसरी चालवलेली नाही, आणि माझ्या मते या गाडीचा खरा माल हाच आहे. शून्य ते शंभर ६.१ सेकंद, टॉप २४५, हे आकडे आज एखादी साधी इलेक्ट्रिक गाडी पण खिशात घालेल.

वाईट काय? हीटर. एक्झॉस्टच्या भोवतीची गरम हवा आत सोडतात, दोन सीटच्या मधल्या लिव्हरने कमी-जास्त करायची, आणि हवेसोबत गरम तेलाचा वास फुकट. एसी असून नसल्यासारखा. आणि हायवेला ११०-१२० च्या पुढे वारा आणि इंजिन मिळून एवढा दंगा की काका काय सांगत होते ते अर्धं मला कळलंच नाही.

ही गाडी आज आहे हेच एक नशीब, तो किस्सा थोडक्यात सांगतो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी कंपनीने ठरवलं होतं की ९११ बंद करायची आणि पुढे इंजिन असलेली ९२८ चालवायची. १९८१ मध्ये पीटर शुट्झ नावाचा नवा बॉस आला, इंजिनिअरिंगचे मुख्य हेल्मुट बोट यांच्या ऑफिसात भिंतीवर तक्ता होता, त्यात ९११ ची रेघ १९८१ च्या शेवटी थांबलेली. शुट्झने मार्कर घेतला आणि ती रेघ तक्त्याच्या बाहेर, भिंतीवरून पुढे ओढत नेली. ३.२ आली ती त्यानंतर, १९८३ च्या फ्रँकफर्ट शोमध्ये, आणि १९८९ पर्यंत चालली.

आता दुसरी.

९९६ मी एका छोट्या भाडेवाल्याकडून घेतली, एक दिवस, किलोमीटरची मर्यादा, वर डिपॉझिट असं की बायकोला आकडा सांगितला नाही. सिल्व्हर रंग, १९९९, मॅन्युअल, ३.४ चं इंजिन. भाडेवाल्याची तक्रार आधी करतो, ड्रायव्हर सीटचा बाजूचा उशीवाला भाग फाटलेला आणि त्यावर काळी टेप, टायर इतके जुने की रबर काचेसारखं. दिवसाचे एवढे पैसे घेताय तर चार टायर टाका की राव. असो, त्यात गाडीचा दोष नाही.

दिव्यांबद्दल बोलूनच घेऊ. गोल दिवे ही ९११ ची ओळख, आणि ९९६ मध्ये त्यांनी हेडलाइट आणि खाली पिवळा इंडिकेटर एकाच काचेत वितळल्यासारखा बसवला. जर्मन लोक याला 'श्पीगेलआय' म्हणतात, तव्यावरचं अंडं, आपलं हाफ फ्राय, पिवळं जरा ओघळलेलं. पण असं का केलं ते बघा. नव्वदच्या सुरुवातीला कंपनी बुडायला आली होती, विक्री पडलेली, मग वेंडेलिन वीडेकिंग हे नवे बॉस आले, टोयोटाची पद्धत शिकवणारे जपानी सल्लागार आणले, आणि ठरलं की बॉक्स्टर ही स्वस्तातली पोर्श आणि नवी ९११ एकत्र बनवायची, पुढचा भाग आणि दारं दोघींत सारखी. दिवा-इंडिकेटर सगळं एका डब्यात म्हणजे कारखान्यात एका झटक्यात बसतं, वेळ वाचतो, पैसे वाचतात. पण गिऱ्हाईक चिडलं, की मी ९११ चे पैसे दिले आणि समोरून स्वस्तातली बॉक्स्टर दिसतेय. शेवटी २००२ च्या मॉडेलला दिवे बदलले आणि इंजिन ३.६ केलं.

मला विचाराल तर आता ते दिवे आवडायला लागलेत. पंचवीस वर्षांनी रस्त्यावर सगळ्या गाड्या चिडलेल्या तोंडाच्या झाल्यात, त्यात हे हाफ फ्राय निरागस दिसतं.

पाण्यावर का गेले यावर पण लोक आजही भांडतात. आवाजाचे आणि धुराचे नियम कडक होत होते, आणि एका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह टाकले की ते डोकं नुसत्या हवेने गार ठेवणं अवघड. १९९७ ला ९९६ दाखवली, १९९८ ला शेवटची एअर कूल्ड ९९३ संपली. ३३८७ सीसी, ३०० पीएस, वजन १३२० किलो. म्हणजे जुनीपेक्षा थोडंच जास्त वजन आणि ६९ पीएस वर. शून्य ते शंभर ५.२, टॉप २८०. लांबीला चौदा सेंटीमीटर मोठी, रुंदीला अकरा, काकांच्या गाडीशेजारी उभी केली तर थोरली बहीण वाटते.

चालवायला? अहो, साधी गाडी आहे! म्हणजे कौतुकाने म्हणतोय. बसलात, क्लच हलका, एसी थंडगार, किल्ली मात्र डावीकडेच, पाच मीटर तसेच फक्त एकमेकांत घुसलेले, आणि निघालात. पाऊस सुरू झाला तर मला काही वाटलं नाही, त्या भिकार टायरवर पण. सासूबाईंना पुढे बसवून त्यांच्यासाठी मेथी आणायला इंडियन स्टोअरला गेलो, काही त्रास नाही. आतलं प्लॅस्टिक मात्र हलकं, बटणं बघून नव्वदच्या दशकातला म्युझिक सिस्टिम आठवतो, आणि ती खट्ट नाहीच.

मग ए-८१ ला लागलो, हेरेनबर्गच्या पुढे दक्षिणेला जाणारा हायवे, तिथे लांब पट्ट्यांवर स्पीड लिमिट नाही. चार हजार आरपीएमपर्यंत इंजिन सभ्य माणसासारखं बोलतं, आणि त्याच्या वर एकदम आवाज बदलतो, कोरडा, करकरीत, आणि सात हजारापर्यंत थांबायचं नावच नाही. २२० ला गाडी अशी बसलेली की १२० वाटावं. ३.२ मध्ये या स्पीडला मी गेलो नसतो, काकांनी जाऊ पण दिलं नसतं. स्टिअरिंगला पॉवर आहे पण हायड्रॉलिक, आजच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगसारखं मुकं नाही. आणि १९९९ च्या या साध्या कॅरेराला ॲक्सिलरेटर अजून केबलचा होता, नंतर इलेक्ट्रॉनिक झाला, त्यामुळे पाय हलला की इंजिन हललं.

पण खरं सांगतो, होनाउच्या त्याच घाटात साठ-सत्तरला ९९६ जांभई देते. तिला मजा यायला शंभर पाहिजे, आणि त्या घाटात शंभर म्हणजे लायसन्स जायची तयारी. हाच मला दोघींतला सगळ्यात मोठा फरक वाटला, पीएस आणि सेकंद राहू द्या बाजूला. जुनी कायद्यात राहून घाम काढते, नवी कायदा मोडल्याशिवाय जागी होत नाही.

अण्णांनी ९९६ चं मागचं झाकण उघडून बघितलं. आत काय दिसतं, तर प्लॅस्टिक, एक तेलाचं झाकण, एक पाण्याचं झाकण, संपलं. "इंजिन कुटं हाय?" खाली आहे अण्णा, काढायचं असेल तर अख्खंच खाली उतरवतात. त्यांनी झाकण लावलं आणि परत त्या गाडीकडे बघितलं नाही.

घेणाऱ्यांसाठी भानगडींचं सांगतो. ९९६ ची बदनामी आयएमएस बेअरिंगची. क्रँककडून कॅमकडे फिरणं नेणारी मधली एक शाफ्ट आहे, तिच्या टोकाचं बॉल बेअरिंग फुटलं तर टायमिंग जातं, व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतात आणि इंजिन भंगारात. सुरुवातीच्या गाड्यांत बहुतेक दोन रांगांचं बेअरिंग, ते जरा दणकट, साधारण २००० पासून एका रांगेचं आलं आणि ते जास्त बदनाम. प्रत्येक गाडीचं फुटतं असं नाही, पण क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरलेलाच असतो तेव्हा बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील बदलून घ्यायचं आणि बिल जपून ठेवायचं. सिलिंडरला आतून चरे पडलेत का ते कॅमेरा घालून बघून घ्यायचं. ९९६ च्याच टर्बो आणि जीटी-३ या महागड्या मॉडेलची इंजिनं वेगळी, पोर्शचे इंजिनिअर हान्स मेत्सगर यांच्या जुन्या घराण्यातली, त्यांना हे बेअरिंगचं दुखणं नाही, पण त्यांचे भाव पण वेगळे.

३.२ पण साधू नाही. व्हॉल्व्ह गाइड झिजतात, सिलिंडर हेडचे बोल्ट तुटलेले निघतात, तेल गळतं, काकांच्या गाडीखाली कायम पुठ्ठा असतो. बॉडीला गॅल्व्हनाइज्ड पत्रा असला तरी काचेभोवती आणि दारांच्या खाली गंज शोधायचा. इंजिन खोलायची वेळ आली तर युरोत पाच आकडी बिल धरून चाला. आणि एक छोटी गोष्ट, इंजिन कंट्रोलचा एक रिले आहे, तो गेला की पेट्रोल पंप बंद आणि गाडी रस्त्यात उभी, म्हणून जाणते लोक एक जादाचा रिले ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवतात. काकांकडे दोन होते.

भाव? चांगल्या ३.२ च्या पैशात साध्या ९९६ दोन येतात, कधीकधी तीन. आणि दुर्मिळ यातली एकही नाही हं, ३.२ सत्तर हजाराच्या वर बनल्या, ९९६ दीड लाखाच्या वर. ३.२ चे पैसे तुम्ही गाडीला कमी आणि त्या पंख्याला जास्त देताय. काका स्वतः म्हणाले की आजच्या भावात मी घेतली नसती, त्यांनी घेतली तेव्हा ती नुसती जुनी गाडी होती. आता ढग दिसले की त्यांच्या कपाळावर आठी येते, मला ते बघून वाईट वाटतं.

म्हणून मी घेणार असेन तर ९९६. मन ३.२ चं, पण पावसात बाहेर न काढता येणारी गाडी मला परवडत नाही, पैशाने पण आणि स्वभावाने पण. अण्णांना हे पटलेलं नाही. सांगलीहून व्हिडिओ कॉल केला की माझ्याशी दोन मिनिटं आणि मग "काकांची गाडी दाव" म्हणतात.

एक ९९६ बघून ठेवलीय, १९९९ चीच, हाफ फ्राय डोळ्यांची, दोन मालक. विकणाऱ्याला फोन करून विचारलं की बेअरिंग बदलल्याचं बिल आहे का. म्हणाला आहे, शोधून पाठवतो. आज सोळावा दिवस, अजून शोधतोय.